श्पायरचं पान

काचेच्या पलीकडे एक पान उघडं होतं. वाळलेल्या कोकमाच्या सालीसारखा त्याचा रंग, मूळचा जांभळा आता तपकिरीकडे झुकलेला. स्वीडनमधल्या उप्सालातल्या कॅरोलिना रेदिव्हिवा ग्रंथालयातली ती खोली मुद्दाम अंधारी ठेवतात. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही, मग डोळे सरावतात तशा रुपेरी अक्षरांच्या ओळी एकेक करून वर येतात. चांदी जागोजागी काळवंडली आहे, सोनं मात्र तसंच आहे. पानाच्या तळाशी चार लहान कमानी, आणि कमानींच्या आत काही आकडे. अण्णा हात मागे बांधून काचेवर वाकले होते. साताऱ्याहून ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते आणि गावातली सगळ्यात मौल्यवान वस्तू त्यांना दाखवावी म्हणून मी त्यांना इथे आणलं होतं. हे रुपेरी बायबल, गॉथ या प्राचीन जर्मानिक लोकांच्या भाषेतलं, सहाव्या शतकातलं, इटलीत रावेन्नाला लिहिलेलं, बहुधा थिओडोरिक राजासाठी, असं मी एका दमात सांगून टाकलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कशावरून?" मी शेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "ते पाटीवर लिहिलंय, बाळ. पानावर काय लिहिलंय?"

अण्णांचा हा प्रश्न सवयीतून आलेला होता. त्यांची उभी हयात मोडी कागद वाचण्यात गेली. जमिनीच्या दाव्यांत लोक पणजोबांच्या पेटीतून काढलेले कागद घेऊन येत, आणि अण्णा ते बाळबोधीत उतरवून देत. उतरवायला बसण्याआधी ते कागद हातात घेऊन नुसते बघत बसायचे. मायना त्या काळाला शोभतो का, शुहूर सन आणि तिथी-वार एकमेकांना धरून आहेत का, मोर्तब जिथे पडायला हवं तिथे पडलंय का, बोरूचं वळण घाईतल्या कारकुनाचं आहे की सावकाश नक्कल करणाऱ्याचं. एकोणिसाव्या शतकात इनाम कमिशन बसलं तेव्हा हातातली जमीन राखायला सनदा दाखवाव्या लागल्या, आणि ज्यांच्याकडे सनद नव्हती त्यांच्यातल्या काहींनी ती तयार करवून घेतली. असे कागद आजही पेट्यांमधून निघतात, आणि आता तेही चांगले दीडशे वर्षांचे जुने झाले आहेत. म्हणजे जुना कागद, जुनी शाई, जुनं अक्षर, आणि तरी मजकूर बनावट. हे ज्यानं हाताळलंय त्याला काचेमागचं काहीही सहज पटत नाही. त्यांना त्या पानाबद्दल अनादर नव्हता. उलट त्या खोलीतून बाहेर निघायला सगळ्यात उशीर त्यांनीच लावला.

मला मात्र तो प्रश्न पुरून उरला.

पानावर तारीख नाही, राजाचं नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. मग सहावं शतक आलं कुठून? मी वाचायला लागले आणि पहिल्यांदा समोर आला तो वुल्फिला. चौथ्या शतकात डॅन्यूबच्या काठी राहणारा हा बिशप. त्यानं गॉथिक भाषेसाठी लिपी घडवली, तिची बरीचशी अक्षरं ग्रीकवरून घेतली, आणि ग्रीकमधून बायबल उतरवलं. एका जुन्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की त्यानं राजांची पुस्तकं तेवढी वगळली, कारण गॉथ मुळातच लढाईवेडे, त्यांना आणखी लढायांच्या गोष्टी कशाला. मला हा माणूस या एका गोष्टीमुळे फार जवळचा वाटतो. पण वुल्फिलाचा स्वतःचा एकही कागद उरलेला नाही. जे उरलंय ते त्याच्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी, गॉथ इटलीचे राज्यकर्ते झाल्यावर झालेल्या नकला. थिओडोरिकचं राज्य ४९३ ते ५२६. त्यानंतर बायझंटाइन सैन्य आलं, वीसेक वर्षं युद्ध चाललं, आणि गॉथ संपले. म्हणजे इटलीत असा राजेशाही गॉथिक ग्रंथ लिहायला माणसं, पैसा आणि मालक एकत्र असण्याचा काळ दोन पिढ्यांपेक्षा फार मोठा नव्हता.

ही झाली परिस्थिती, पुरावा नव्हे. पुराव्याच्या जवळ जाणारी वस्तू सापडली ती नेपल्समध्ये जपलेल्या एका पपायरसवर, आणि ती काय असावी? एक खरेदीखत! ५५१ साली रावेन्नाच्या गॉथिक चर्चच्या धर्मगुरूंनी आपली दलदलीची जमीन विकली. दस्तऐवज लॅटिनमध्ये आहे, पण खाली सह्या करताना काहींनी गॉथिकमध्ये लिहिलं आहे. त्यांच्यात विल्यारिथ नावाचा एक लेखनिक आहे. फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात लॅटिनचं एक हस्तलिखित आहे, त्यावर विलियारिक नावाच्या रावेन्नातल्या लेखनशाळेच्या प्रमुखाचा उल्लेख येतो, आणि बऱ्याच अभ्यासकांना हे दोघे एकच वाटतात. जमिनीच्या व्यवहारावरच्या सह्या आणि पवित्र ग्रंथाचं घोटीव अक्षर यांची थेट तुलना करता येत नाही, हे खरं. पण ५५१ साली रावेन्नात गॉथिक लिहिणारी शिकलेली माणसं होती, त्यांची नावं अमुक होती, हे तारखेसकट पक्कं होतं. मी अण्णांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं की जमिनीच्या चतुःसीमा दिल्या होत्या का. त्यांच्या दृष्टीनं त्या चांदीच्या ग्रंथाला तारखेचा पहिला विश्वासू साक्षीदार मिळाला तो जमिनीच्या व्यवहारातून, आणि याचा त्यांना झालेला आनंद माझ्या कानापर्यंत पोचला.

बाकीचे साक्षीदार कमी बोलतात पण एकाच दिशेला बोट दाखवतात. तळाच्या त्या कमानी म्हणजे चारही शुभवर्तमानांतले, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांतले, समान प्रसंग कुठे कुठे येतात याची खूणगाठ. जवळपास तशाच कमानी इटलीतल्या ब्रेश्शा इथल्या जांभळ्या लॅटिन ग्रंथात आहेत, तोही सहाव्या शतकातलाच मानतात. १९९८ साली कार्बन-१४ ची चाचणी झाली, तीही सहाव्या शतकाकडेच गेली. आणि रावेन्नात सांत अपोलिनारे नुओव्होच्या भिंतीवर थिओडोरिकच्या राजवाड्याचं मोझेक आजही आहे. त्या महालाच्या खांबांमध्ये पूर्वी माणसं उभी होती. गॉथांची सत्ता गेल्यावर नव्या बिशपनं ती काढून तिथे पडदे बसवले. घाईत असेल किंवा कारागिराला जमलं नसेल, पण काही खांबांवर पुढे आलेले हात तसेच राहिले. माणूस नाही, फक्त पंजा आणि मनगट. त्या हातांचा फोटो मी बराच वेळ बघत बसले होते. पुसणाऱ्यानं इतकी काळजी घेतली, आणि पुसलेल्या माणसाची साक्ष त्याच्याच भिंतीवर राहिली.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते उप्सालातल्या पानांनी नव्हे. ते जर्मनीतल्या श्पायर गावी सापडलेल्या पानानं.

या ग्रंथाची मूळ पानं ३३६. सोळाव्या शतकाच्या मध्याला तो जर्मनीतल्या वेर्डेनच्या मठात असल्याची पहिली बातमी लागते. त्याआधीची हजार वर्षं तो कुठे होता हे कुणालाच सांगता आलेलं नाही. नंतरचा प्रवास मात्र खडान्खडा ठाऊक आहे: प्रागला सम्राट रुडॉल्फच्या संग्रहात, १६४८ ला स्वीडिश सैन्याच्या लुटीत, मग ख्रिस्तीना राणीकडे, तिथून नेदरलँड्सला, १६६२ ला एका स्वीडिश सरदारानं विकत घेतला आणि १६६९ ला उप्सालाला दिला. तोवर निम्म्याच्या आसपास पानं गळालेली होती. मार्कचं शुभवर्तमान या ग्रंथात शेवटी येतं, आणि उप्सालातलं शेवटचं पान सोळाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात, वाक्याच्या ऐन मध्यात संपतं. शेकडो वर्षं गॉथिकचे अभ्यासक त्या अर्ध्या वाक्यापाशी थांबत आले. मग १९७० च्या ऑक्टोबरात, श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये संत आफ्राच्या चॅपेलची डागडुजी चालू असताना, मूळ आशाफेनबुर्गच्या एका अवशेषपेटीत एका बारीक लाकडी काठीभोवती गुंडाळलेलं जांभळं चर्मपत्र सापडलं. चांदीची गॉथिक अक्षरं. आणि मजकूर सुरू होतो तो बाराव्या वचनाच्या मध्यापासून, उप्साला जिथे थांबलं तिथून.

हे वाचताना अंगावर काटा आला. पण दुसऱ्याच क्षणी अण्णांचा आवाजही आला. इतकं नेमकं जुळतंय म्हणजेच शंका घ्यायला हवी. बनावट कागदाचं पहिलं लक्षण हेच की तो जिथे रिकामी जागा आहे तिथेच बरोबर बसतो. उप्सालाच्या ग्रंथाची पानं छापून प्रसिद्ध झालेली होती. १९२७ मध्ये विद्यापीठाला साडेचारशे वर्षं झाली तेव्हा नोबेल मिळालेल्या रसायनशास्त्रज्ञ स्वेडबर्गच्या मदतीनं अतिनील किरणांत टिपलेल्या छायाचित्रांची आवृत्ती निघाली, त्यात काळवंडलेली चांदीसुद्धा वाचता येते. ग्रंथ कुठे तुटला हे तेव्हापासून कुणालाही दिसत होतं. मग एखाद्या हुशार माणसानं उरलेली वचनं गॉथिकमध्ये रचून जुन्या कातड्यावर का लिहिली नसावीत?

हा प्रश्न मी मनाशी बराच काळ घोळवला, कारण उत्तर फक्त मजकुरात शोधून चालणार नव्हतं. मजकूर लबाडाला रचता येतो. या पानावर ‘रूप’ या अर्थाचा एक शब्द आहे, तो उरलेल्या गॉथिकमध्ये कुठेच मिळत नाही, आणि तरी गॉथिकच्या व्याकरणात आणि तिच्या बहिणींसारख्या भाषांत नीट बसतो. एखादा फार मोठा जाणकार तेही घडवू शकेल, असं कुणी म्हणेल. पण हातानं लिहिलेलं अक्षर घडवणं कठीण. या ग्रंथात दोन हात आहेत, एकानं मत्तय आणि योहान लिहिले, दुसऱ्यानं लूक आणि मार्क. श्पायरच्या पानाचं अक्षर त्या दुसऱ्या हाताचं आहे. चर्मपत्राचा रंग, चांदीची शाई, ओळींची आखणी, तळाच्या कमानी, सगळं त्याच घरातलं. आणि ते पान विकायला कुणी बाजारात आणलं नव्हतं. पेटी उघडली तेव्हा तिच्यात काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. बनावट करणाऱ्याला कुठेतरी गिऱ्हाईक हवं असतं, निदान एक वाचक हवा असतो. ज्याचा वाचकच नाही असा खोटेपणा कुणी कशाला करेल? त्या पानाच्या अस्सलपणाबद्दल आज कुणी गंभीर शंका घेत नाही, आणि माझीही फिटली.

म्हणून मी समाधानानं पुस्तक मिटणार होते, आणि तेव्हाच लक्षात आलं की पानावरचा मजकूर हाच वेगळ्या अर्थानं वादातला आहे. मार्कच्या सोळाव्या अध्यायाची नववी ते विसावी वचनं सगळ्यात जुन्या दोन मोठ्या ग्रीक ग्रंथांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस यांत, नाहीतच. त्यांत शुभवर्तमान आठव्या वचनाला संपतं: थडग्याजवळून बायका थरथरत पळाल्या आणि घाबरल्यामुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. एवढ्यावर शेवट. पुढची बारा वचनं बहुतेक अभ्यासकांना मागाहून जोडलेली वाटतात. बहुधा कुणाला तरी तो भेदरलेला, उघडा शेवट सोसवला नसावा, म्हणून येशू पुन्हा दिसल्याचं, शिष्यांना निरोप दिल्याचं, स्वर्गात गेल्याचं त्यानं जोडून दिलं. मला, खरं सांगायचं तर, तो आठव्या वचनाचा शेवट जास्त खरा वाटतो. पण वुल्फिलाच्या समोरच्या ग्रीक प्रतीत, किंवा त्याच्यानंतर ज्यांनी त्याचा अनुवाद सुधारला त्यांच्या समोरच्या प्रतीत, ही बारा वचनं होती, आणि गॉथ ती देवाची वाणी म्हणून वाचत होते. याचा अस्सल पुरावा म्हणजे श्पायरचं पान. पान अस्सल, चांदी अस्सल, हात अस्सल, आणि त्यावर ज्याची नोंद आहे तो शेवट कुणीतरी नंतर जोडलेला. सगळं एकाच वेळी.

अण्णांना हे सांगायचं म्हणून मी शब्द जुळवत होते, पण ते माझ्यापुढे गेले. म्हणाले, "अगं, कागद कुणाचा आणि बोलणं कुणाचं, हे दोन वेगळे प्रश्न. आम्ही रोज हेच करायचो." आणि मग त्यांनी मला एक कागद आठवून सांगितला, ज्यात जुन्या सनदेची नक्कल होती. नक्कल अस्सल कारकुनानं केली होती, तारीख खरी, मोर्तब खरं. फक्त ज्या मूळ सनदेची नक्कल, ती कधी अस्तित्वातच नव्हती. कारकुनाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानं समोर ठेवलं ते प्रामाणिकपणे उतरवलं.

याची उलट बाजूही असते. येल विद्यापीठातला व्हिनलँड नकाशा १९६५ साली लोकांसमोर आला, कोलंबसच्या आधी नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातले जुने दर्यावर्दी लोक, अमेरिकेला पोचल्याचा पुरावा म्हणून. त्याचं चर्मपत्र खरोखर पंधराव्या शतकातलं निघालं. शाईत मात्र टायटॅनियमचं असं संयुग सापडलं जे विसाव्या शतकात शाईत येऊ लागलं, आणि २०२१ मध्ये येलनंच तो नकाशा बनावट असल्याचं जाहीर केलं. कार्बन-१४ जनावर कधी मेलं ते सांगतो, त्याच्या कातड्यावर कुणी कधी लिहिलं ते सांगत नाही. माझी एक ओळखीची संशोधक चर्मपत्रांची रासायनिक तपासणी करते. एकदा चहा घेताना ती म्हणाली की लोक आमच्याकडून एकच आकडा मागतात, आणि आमच्याकडे कायम तीन-चार असतात: कातड्याचा, शाईचा, मजकुराचा, बांधणीचा. त्यांच्यात भांडण असलं तर आम्हाला पुढे काम मिळतं. मला हे फार पटलं.

आणि जिथे तपासायला वस्तूच उरलेली नाही तिथे काय करायचं? १९०७ च्या सुमारास इजिप्तमध्ये, नाइलच्या काठी, जुन्या अँटिनोपोलिसच्या जवळपास एक लहानसा तुकडा मिळाला: लूकच्या शेवटच्या भागातली काही वचनं, एकीकडे गॉथिक, एकीकडे लॅटिन. गॉथ भाषा नाइलकाठी काय करत होती? रोमन सैन्यातले गॉथ शिपाई, की कुणी हद्दपार झालेला धर्मगुरू, तर्क पुष्कळ झाले. तो तुकडा जर्मनीत गीसेनला गेला, १९१० मध्ये त्याची अभ्यासपूर्ण आवृत्ती निघाली, आणि १९४५ मध्ये, सुरक्षित म्हणून जिथे ठेवला होता तिथेच, पाण्यानं त्याचा नाश झाला. आज त्याची शाई कुणी तपासू शकत नाही, वळण नव्यानं पाहू शकत नाही. त्याच्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर १९१० मध्ये ज्या डोळ्यांनी तो पाहिला त्या डोळ्यांवर सोडावं लागतं. मला याची हळहळ वाटते, आणि थोडा रागही येतो, कुणावर ते सांगता येत नाही. युद्धं लोकांना मारतात हे आपल्याला ठाऊक असतं. ती प्रश्नही मारतात, हे मला गीसेनच्या तुकड्यानं पहिल्यांदा जाणवून दिलं.

पण मग बोलोन्याचं पान आठवतं. २००९ मध्ये बोलोन्यातल्या सान पेत्रोनियो बॅसिलिकेच्या दफ्तरात एक दुमडलेलं चर्मपत्र लक्षात आलं. त्यावर लॅटिनमध्ये संत ऑगस्टिनचा मजकूर आहे, पण त्याखाली, खरवडून पुसलेल्या थरात, गॉथिक अक्षरं आहेत: बायबलमधल्या वचनांची माळ करून रचलेलं प्रवचन किंवा प्रार्थना. चर्मपत्र महाग, म्हणून जुनं लिखाण खरवडायचं आणि वर नवं लिहायचं. गॉथिकचे बरेचसे अवशेष असेच, दुसऱ्या कुणाच्या ग्रंथाखाली, त्या ग्रंथामुळेच जगले. वोल्फेनब्युटेलचा तुकडा १७५६ ला, मिलानचे १८१७ ला, असेच खालच्या थरातून वाचले गेले. यातून तारखेला एक टोक आपोआप मिळतं: वरचं लिखाण ज्या काळातलं, त्याच्या आधी खालचं असणारच. अण्णा याला ‘वरचं दस्त खालच्याला साक्षी’ म्हणाले, आणि मला ते इतकं आवडलं की मी ते वहीत उतरून घेतलं.

श्पायरचं पान आता तिथल्याच संग्रहालयात आहे. ते उप्सालाला पाठवून ग्रंथात बसवावं असं कुणाला वाटलं तर मी समजू शकते. पण मला ते तिथेच असलेलं बरं वाटतं. त्या काठीभोवती गुंडाळताना कुणी ते वाचलं नव्हतं, वाचता येणाऱ्यांचा वंशच तेव्हा संपला होता. तरी ते टाकून दिलं नाही. जांभळं कातडं, चांदीची अक्षरं, काहीतरी पवित्र असणार एवढं त्यांना कळलं आणि संतांच्या अवशेषांत त्याला जागा दिली. त्या न कळणाऱ्या माणसानंच ते वाचवलं. उप्सालाची १८७ आणि हे एक, मिळून १८८. बाकीची १४८ पानं अजून कुठेतरी असतील किंवा नसतील. मला वाटतं काही नक्की आहेत. एखाद्या जमाखर्चाच्या वहीच्या पुठ्ठ्यात शिवलेली, एखाद्या गावातल्या चर्चच्या कपाटात, एखाद्या पेटीत जिची यादी गेली शंभर वर्षं कुणी केली नाही. त्यांच्यातलं एखादं निघालं तर मला आधी त्याच्या कडा बघायला मिळाव्यात. मजकूर नंतर.